आपली कोळीण

“आपली कोळीण कुनाला दाखवायची नाय,” असं माझ्या सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मला सांगितलं होतं, आणि मी हसले होते.

कोळीण ही काय लपवायची गोष्ट आहे? बाजार सगळ्यांचा, टोपल्या सगळ्यांसमोर मांडलेल्या. मी पनवेलच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, ओट्यावरच्या माशावर घराण्याचा हक्क असतो हे मला कसं पटावं? सासूबाईंनी वाद घातला नाही. “हस, हस. दात चांगले हायत तुजे,” एवढंच म्हणाल्या.

आमचं घर बेलापूरच्या आग्रोळीत. शेतं सिडकोत गेली, त्यानंतर सासऱ्यांनी तीन मजले चढवले. खाली आम्ही, वर भाडेकरू. रस्ता ओलांडून थोडं खाडीकडे गेलं की दिवाळे गावचा मासळीबाजार. तिथे भिंतीकडच्या टोकाला राजाबाई बसते. माझ्या सासूबाई, गोजराबाई, स्वतः नवी नवरी होत्या तेव्हापासून मासे घेतात ते तिच्याकडूनच. आमच्याकडे पाटा-वरवंट्यासारखी कोळीणही सासूकडून सुनेकडे येते. बाकीच्यांनी घ्यावं काय घ्यायचं ते, पण घरच्या गिऱ्हाइकाचा मासा ओल्या गोणपाटाखाली निराळा ठेवलेला असतो. सासूबाईंनी मला देवळाच्या आधी तिच्याकडे नेलं. राजाबाईने पापलेटांची जोडी माझ्या पदरात टाकली आणि शेजारणीला म्हणाली, “ही गोजराची सून.” तेव्हापासून बाजारात माझं नाव तेच. तेव्हा मला ते आवडलं होतं.

मासे मला कळतात. माझं माहेर जासईचं. चालायच्या आधी मी कोळंबी सोलायला शिकले असं आई सांगते. सुरमई, बांगडा यांचा कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक हवा. पापलेट मात्र उलट्या स्वभावाचं. त्याच्या कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबायचं. पांढरं, दुधासारखं पाणी आलं तर घ्यायचं, लाल आलं तर खाली ठेवायचं. कोळंबीचं डोकं हलवून बघायचं. आणि डोळा. डोळा फुगीर, काचेसारखा स्वच्छ हवा. माझी मुलगी नंदिनी दोन वर्षांची असताना एका हळदीच्या जेवणात शिळा मासा खाऊन आजारी पडली. सलाइन लावावं लागलं. त्यानंतर मी प्रत्येक मासा दोनदा दाबून बघते. लोक हसतात, हसू देत.

उज्वला आमच्याकडे भाड्याने आली तेव्हा बेलापूरचं स्टेशन सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. सातारा जिल्ह्यातली, कोरेगावकडची. तिचा नवरा बाबासो तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. उजाडायच्या आत घर सोडायचा. त्याला इथे आल्यावर माशांची चटक लागली होती आणि हिला सुका बोंबील सोडून काही ठाऊक नव्हतं. सायकलवरून कोणी ओरडत गेला की ही जिना उतरून घ्यायची. एकदा तर सगळा जिना दोन दिवस वास मारत होता. माझ्या जिवाला घोर लागला तो वेगळाच. नंदिनी दिवसभर तिच्याकडे वर पडलेली असायची. तिने पोरीला तो मासा भरवला तर?

म्हणून मी उज्वलाला म्हटलं, चल, माझी कोळीण दाखवते. सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप जरा जोरात आपटलं.

राजाबाईने मान वर केली. “ही कोन?”

आमच्या वरच्या मजल्यावरची, साताऱ्याची, असं मी सांगितलं. हसत हसत हेही सांगितलं की हिला मासे कळत नाहीत.

“काईच नाय कलत?” राजाबाईने विचारलं. आवाजात मला आनंद ऐकू आला, तेव्हा वाटलं चेष्टेचा असेल.

“न्हाई ओ मावशी,” उज्वला म्हणाली. “डोकं कुठलं अन् शेपूट कुठलं, एवढंच.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. राजाबाईने एक पापलेट उचलून तिच्या नाकासमोर धरलं. “डोला कसा हाय, सांग.”

उज्वला गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. “टपोरा हाय. आमच्या म्हशीच्या रेडकावानी. पाणी भरल्यागत.”

“आन ह्याचा?”

“ह्यो झोपल्यागत दिसतोय. वर साय धरलीया.”

राजाबाईने तो दुसरा बाजूला टाकला. “शिकशील,” ती म्हणाली. “रोज ये. सकालची ये, गर्दी नसते तवा.”

रोज ये, असं मला तिने कधी म्हटलं नव्हतं.

उज्वला खरंच रोज जाऊ लागली. बाबासो अंधारात गेला की ही मोकळी. बाजारात बर्फाच्या गाड्या लागायच्या वेळेला पिशवी घेऊन निघायची. परत आली की जिन्यात थांबून पिशवी उघडून मला दाखवायची. कौतुकाने दाखवायची, त्यात खोट नव्हती, पण मला ती पिशवी बघवायची नाही. तिची पापलेटं माझ्यापेक्षा चांगली असायची. एकदा तिची सुरमई मी उगाच हातात घेतली, दाबली, कल्ला उचलला. नाव ठेवायला जागा नव्हती. माशांच्या पेट्या बंदरातून यायच्या वेळी ती हजर आणि मी नंदिनीची वेणी घालण्यात अडकलेली, अशी मी मनाची समजूत घातली. पण घरच्या गिऱ्हाइकाला वेळेचं बंधन कुठे असतं? गोणपाटाखालची जागा माझी होती.

घरातही तेच. उज्वलाने वरून वाटीभर कालवण पाठवलं, साताऱ्याकडचा काळा मसाला घालून, आणि माझ्या नवऱ्याने, मधुकरने, बोटं चाटत विचारलं की आपण कोळीण बदलली की काय. नंदिनी माझ्या हातचा मासा तोंडात धरून बसायची. मी काटे तीन-तीनदा चाचपून काढायची, तरी ती ओठ घट्ट मिटायची. वर जाऊन मात्र निवांत जेवून यायची. “काकूचा मासा गोड असतो,” असं तिने एकदा सगळ्यांसमोर सांगितलं. काटे कोण काढतं, विचारलं. “काकू गप्पा मारता मारता काढते.” गप्पा मारता मारता! माझा जीव त्या दिवशी दुपारपर्यंत थाऱ्यावर नव्हता.

एका सकाळी मी पोरीला सासूबाईंजवळ निजवलं आणि उज्वलाच्या मागोमाग गेले. बाजाराच्या तोंडाशी नारळवाला बसतो, त्याच्या हातगाडीआड उभी राहिले. दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली. राजाबाई पेटीतून बर्फ झटकून एकेक मासा काढत होती, उज्वलासमोर धरत होती, काहीतरी विचारत होती. उज्वला सांगायची, आणि मासा डावीकडे किंवा उजवीकडे जायचा. कधी राजाबाई तिचंच बोट धरून कल्ल्यात घालायची. सबंध पेटी अशी संपली. आई मुलीला जात्यावर बसवून शिकवते तसं चाललं होतं. हीच राजाबाई एकदा एका मेमसाहेबाला म्हणाली होती की शिकवत बसायला मी काय शाळामास्तर हाय? आणि मला तर कोणी काही शिकवायचा प्रश्नच नव्हता. मला येत होतं ना! ज्याला येतं त्याच्या वाट्याला असलं काही येत नाही, हे त्या गाडीआड उभं राहून मला पहिल्यांदा समजलं.

“राजाबायनं घाटावरची सून आनली,” शेजारच्या ओट्यावरची बाई कुणाला तरी सांगत होती. नारळवालाही हसला.

मी घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. “मी बोललीवती ना? आता जिना चढ आन भाडेकरनीकडून मासा मागून आन.”

राजाबाई तिला उजू म्हणायची, हे मला सगळ्यात जास्त लागलं होतं. मी इतकी वर्षं गोजराची सून, आणि ही चार महिन्यांत उजू.

चैत्रात उज्वलाच्या गावची जत्रा आली. दोघं नवरा-बायको गावाला गेली. दुसऱ्याच दिवशी मी भल्या सकाळी उठले, डोक्याला तेल लावलं, बरी साडी नेसले. सांगायला लाज वाटते, पण परीक्षेला निघाल्यासारखी निघाले. राजाबाई पेटी फोडत होती. मी उज्वलाच्या जागेवर, अगदी तिथेच, टेकले.

“उजू? आलीस काय गो?”

“मी आहे. सुचिता.”

“हा. गोजराची सून.” तिने पेटी स्वतःकडे ओढली.

मी वाट बघत बसले. मनात उत्तरं तयार होती. रेडकाबिडकाची उपमा नाही, नीट, जाणत्या माणसाची उत्तरं. राजाबाईने सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. नंदिनीला शाळेत कधी घालणार विचारलं. मधुकरची कामावर पाळी कुठली, तेही विचारलं. पण एकही मासा तिने माझ्यासमोर धरला नाही. एकटीच अंगठ्याने दाबत, नाकाशी नेत, डावी-उजवी करत राहिली. शेवटी दोन पापलेटं निवडून माझ्याकडे सरकवली. “घे. चांदीसारके हायत.”

पिशवीत टाकण्याआधी मी पाहिलंच. डोळे आत गेलेले, वर पांढुरकी साय. कल्ल्याजवळ दाबलं. लाल पाणी आलं.

म्हणजे आता इथवर आलं. भाडेकरणीला ताजं आणि गोजराच्या सुनेला हे. आमच्यात कोळणीला सगळ्या रांगेसमोर लाल पाणी दाखवलं की तो संबंध तुटला; पुन्हा त्या ओट्यावर पाय ठेवता येत नाही. मला त्या क्षणी तो तोडायचाच होता. पण नंदिनीच्या पहिल्या घासाचा मासा ह्याच बाईने निवडून दिला होता. मी आवाज चढवला नाही. ओला लाल अंगठा तिच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, “मावशी, हे काय आहे?”

राजाबाईने अंगठ्याकडे पाहिलं. “दूध,” ती म्हणाली. “आजचाच हाय.”

खोटं बोलणारं माणूस आपल्या तोंडाकडे बघतं. ती माझ्या अंगठ्याच्या जरा बाजूला, हवेत बघत होती. मी तिच्या टोपल्यांकडे वळून पाहिलं. उजवीकडच्या, चांगल्या मालाच्या टोपलीत चांगला आणि वाईट मासा एकमेकांत मिसळलेला होता. तिच्यासारखी बाई असा माल मांडणं शक्य नव्हतं. मग एकेक आठवत गेलं. मी समोर बसल्यावर तिने उजू म्हणून विचारलं होतं. हल्ली ती सुरी घ्यायला ओट्यावर हात फिरवायची. आणि त्या साताऱ्याच्या मुलीला विचारायची, डोला कसा हाय, रोज विचारायची, एकेका माशाचा विचारायची.

“मावशी, तुम्हाला दिसत नाही.”

तिने गोणपाट ओढून पेटीवर टाकलं. “हलू बोल.”

मी पुढे सरकले. ती माशावर पाणी मारण्याचं निमित्त करून खाली वाकली.

“उजेड दिसतो,” ती म्हणाली. “मानूस दिसतो. माशाचा डोला नाय दिसत.”

किती दिवसांपासून, ते तिने सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच की खाडीचा ताजा मासा बोटाला कळतो, त्याला डोळे लागत नाहीत. पण खाडीत आता मिळतं काय? माल येतो तो बंदरातून, बर्फाच्या पेटीतून, आणि बर्फ शिळ्यालाही कडक करतो आणि वासही खातो. बर्फातला मासा बोटाशी खोटं बोलतो. खरं फक्त डोळ्यात आणि पाण्याच्या रंगात उरतं.

मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन होतं आता, शिबिरं असतात, मी बरोबर येते. ती नुसती हसली.

“पट्टी बांदून घरी बसायचा. आन मी घरी बसली का ह्या जाग्यावर माजी सून बसंल. बसलेल्या सुनंला उटवून परत बसलेली सासू तू कंदी बगितलीस?”

मी नव्हती पाहिली.

“ही जागा गेली का मग मी कोन?” ती म्हणाली. “घरात पोरं राखनारी म्हातारी.”

बोलू नये ते माझ्या तोंडून गेलंच. “मग मला का नाही विचारलंत? मी सांगितलं असतं. मला तर सगळं कळतं.”

“म्हनून तर नाय विचारला. तुला ‘डोला कसा हाय’ विचारला असता, तर तू माशाकडं बगितलाच नसतास. माज्याकडं बगितला असतास.” तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “उजू माशाकडं बगते.”

माझ्या हाताने पेटीतला एक पडलेल्या डोळ्याचा मासा आपोआप डावीकडे टाकायला उचलला, तर तिने मनगटावर चापट मारली. शेजारीण बघत होती. शिकाऊ पोरीने मासे निवडले तर कुणाला काही वाटत नाही. गोजराच्या सुनेने राजाबाईचा माल निवडला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कोळीवाड्याला कळतं. सासूबाईंनाही सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं. मी त्या दिवशी बोंबील घेऊन घरी आले.

मला तिची दया आली. पण ती दुपारी, भांडी घासताना आली. आधी आला तो रागच. उज्वलावरचं प्रेम असतं तर मी एकवेळ सोसलं असतं. बायकांचे लाड असतात, येतात-जातात. हे प्रेम नव्हतं आणि शिकवणंही नव्हतं. राजाबाईला गरज होती. इतक्या वर्षांच्या आमच्या घरोब्यातून ती उठून, काल आलेल्या, ताजा-शिळा मासा न कळणाऱ्या पोरीच्या दारात गेली होती. आणि माझ्या हातातलं सगळं ज्ञान तिला नको होतं.

उज्वला जत्रेहून पेढे घेऊन आली. पुन्हा सकाळी जाऊ लागली. आता ती जिन्यात थांबून सांगायची, “वैनी, मावशीनं आज कोळंबीचं डोकं शिकवलं,” आणि मी म्हणायचे, हो का, छान. मनातून मला गंमत वाटायची. मला जे ठाऊक होतं ते हिला ठाऊक नव्हतं. राजाबाईचं एवढं तरी माझ्याकडे होतं, जे उजूकडे नव्हतं. पण ती गंमत मला फार वेळ पुरायची नाही. उज्वला ज्या दिवशी उशिरापर्यंत झोपायची, त्या दिवशी मीच जिन्याकडे कान लावून बसायचे. राजाबाई एकटी पेटी फोडत असेल. कुणाच्या तरी लेकराच्या ताटात काहीतरी जाईल. मग मीच वर जाऊन कडी वाजवायचे. उठ, बाजारात जायचं नाही का?

“येडी झालीस काय?” सासूबाई विचारायच्या. “परवा तिचं नाव घेतलं का जलत व्हतीस, आन आता उटवून धाडतेस?”

जळत तर मी अजूनही होते. दाराशी उभी राहून तिची पिशवी हलत जाताना बघायची आणि मनात म्हणायची, जा बाई, लवकर जा.

पण पोरगी हुशार निघाली, हीच पंचाईत. पावसाळा संपेपर्यंत तिला खरंच मासा कळायला लागला. एकदा जिन्यात मला म्हणाली, “वैनी, मावशी हल्ली सगळं मलाच का ओ विचारती? मी आता सांगायच्या आधी तिला कळायला पायजे की.” मी म्हटलं, परीक्षा घेते तुझी. तिने मान डोलावली, पण लगेच नाही. मी तिच्याकडे बघत होते. ती माशाकडून राजाबाईकडे बघायला कधी लागेल, ह्याची मला भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर थोडी वाटही बघत होते. तिलाही एकदा कळलं की मग आम्ही दोघी सारख्याच.

तसं व्हायच्या आधीच ते लोक गेले. बाबासोला दिवाळीत कोपरखैरण्याला स्वतःची खोली मिळाली. नंदिनीने रडून घर डोक्यावर घेतलं. जायच्या दिवशी उज्वला बाजारात जाऊन राजाबाईच्या पाया पडली. मी बरोबर होते. “मावशी, मला आता मासा कळतो,” ती अभिमानाने म्हणाली.

“कलतो ना? मंग झाला,” राजाबाई म्हणाली, आणि तिच्या पिशवीत चाचपून दोन पापलेटं टाकली. उज्वलाने ती उघडून पाहिली. एकाच्या कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबलं. मग पिशवीचं तोंड बंद केलं आणि माझ्याकडे न बघता चालू लागली. तिला काय दिसलं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

त्यानंतर मी रोज सकाळी जाऊ लागले. राजाबाई बसू द्यायची. विचारायची मात्र नाही. मी एकदा सुचवलं की चेष्टेने, मोठ्याने विचारा, लोक हसतील आणि विसरतील. एकदा मीच आपणहून पुटपुटले, मावशी, हा गेलेला आहे. तिने तोच मासा उचलून मुद्दाम चांगल्यात ठेवला. “तू समोर बसलीस का माजा हात चुकतो,” ती म्हणाली. “जा घरी. पोर बग तुजी.”

तिच्या मालाबद्दल कुजबूज सुरू झाली होती. सेक्टरमधली एक बाई पिशवी परत घेऊन आली, तिने ती सगळ्यांसमोर ओट्यावर पालथी केली. दुपारी डबा घेऊन येणारी राजाबाईची सून आधी डबा ठेवून जायची, ती आता टेकू लागली. मग थोडा वेळ बसू लागली. एक दिवस मी गेले तर राजाबाई जरा सरकून भिंतीला लागून बसली होती आणि मधल्या जागेवर सुनेचा डबा ठेवलेला होता.

हे मी जासईहून लिहिते आहे. मला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, ह्या वेळी जपायला सांगितलं आहे, त्यामुळे माहेरी पडून आहे. उठायची परवानगी नाही. सासूबाईंचा शेजारच्या फोनवर फोन येतो. मी नंदिनीची चौकशी करते, मग राजाबाईची. “बसली असंल,” त्या म्हणतात. “माजा गुडगा कुटं चालतो तिकडं? मधुकर कोंबडी आनतो.” त्यांना मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हालाच विचारते. तुमच्यापैकी कुणी बेलापूरच्या बाजूला राहत असेल, किंवा कामाला येत असेल, तर एखाद्या सकाळी लवकर, गर्दीच्या आधी, त्या बाजारात जाऊन या. मासे कळत नसतील तर फारच चांगलं. घाटावरचे असाल, शाकाहारी असाल, तरी चालेल. राजाबाई नावाच्या तिथे तिघी बसतात, त्यामुळे नाव सांगताना मला भीती नाही. कुणाला काही विचारू नका. टोपलीसमोर बसा आणि म्हणा की मला मासे कळत नाहीत. जी मासा तुमच्यासमोर धरून डोळा कसा आहे ते विचारेल, ती आमची. दिसेल ते तिला खरं सांगा, माशाकडे बघून सांगा, आणि माझं नाव काढू नका. भिंतीकडच्या त्या टोकाला तरुण बाई बसलेली असेल, तर मला एक कार्ड टाका.

आणि राजाबाईच असेल, पण तिच्याशी डोकं टेकवून आधीच कुणी बसलेली असेल, डोळा सांगत असेल, तर तेही कळवा. कोण आहे ती, कुठली आहे, एवढं मात्र नक्की बघून या.